हरभऱ्याच्या कोणत्या वाणाला भुंगा कमी लागतो हे घरीच तपासायचंय, माझं चुकतंय कुठे?

गिरणाकाठचा:

नमस्कार मंडळी, भडगाव तालुक्यातून लिहितोय. आम्ही अकरा जण मिळून मूग, उडीद, हरभरा यांचं घरचं बियाणं राखतो, दरवर्षी विकतची पिशवी परवडत नाही म्हणून. शेतात फारशी कटकट नाही. मर आली तर दिसते, घाटेअळी आली तर फवारतो. खरी बोंब होते ती घरात. मार्चात हरभरा काढला, दोन-तीन उन्हं दिली, कोठीत भरला आणि पोळ्याच्या आधी झाकण उघडलं तर आतून ऊबट वास, भुंगे भिंतीवर चढून राहिले. मूठभर दाणे हातात घेतले तर प्रत्येकाला गोल भोक, जणू सुताराने सामत्यानं पाडलंय. असं बियाणं पेरायचं कसं, म्हशीपुढे टाकलं तर तीही तोंड फिरवते.

आता माझ्या डोक्यात एक वेगळाच किडा शिरलाय. आमच्याकडे चार प्रकारचा हरभरा आहे, विजय, दिग्विजय, एक काबुली, आणि आईनं माहेरहून आणलेला बारीक तांबडा गावरान, ज्याची साल हाताला खरबरीत लागते. आई म्हणते गावरानाला भुंगा लागत नाही. वडील म्हणतात लागतो, फक्त उशिरा लागतो. म्हटलं तपासूनच पाहू. मागच्या श्रावणात स्टीलचे चार डबे घेतले, प्रत्येकात अर्धा किलो एकेक वाण, वरून कोठीतले चिमूटभर भुंगे, झाकण गच्च. दोन महिन्यांनी उघडलं तर चारही डब्यांत भुंगा. किराण्याच्या काट्यावर वजन केलं, फरक कळेना. आणि कहर म्हणजे पाचवा डबा, ज्यात मी एकही भुंगा टाकला नव्हता, त्यातही भुंगे! ते कुठून आले देव जाणे.

एका ठिकाणी चौकशी केली तर उत्तर मिळालं, कोठीत विषारी वायूच्या गोळ्या टाका नि मोकळे व्हा. अहो पण मला गोळी नको, वाण पाहिजे. माहितीपत्रकात मर रोगाला प्रतिकारक, इतक्या दिवसांत तयार, एकरी इतकं उत्पन्न, सगळं असतं, कोठीत किती टिकतो हे कुणी लिहीत नाही. तर हे घरच्या घरी तपासायची काही रीत आहे का? किती दाणे, किती भुंगे, किती दिवस आणि मोजायचं नेमकं काय?

---

मिलवाले अण्णा:

भो, तीस वर्षं जळगावात डाळमिलच्या गोदामात काढली. भुंगा वाणाचं नाव वाचून येत नाही. तूर असो, मूग असो, चना असो, पावसाळी हवा लागली की सगळे सारखे. आमच्याकडे एकच सूत्र, पाऊस पडायच्या आत भरडून डाळ करून टाका. अख्ख्या दाण्यावर भुंगा जेवढा जमतो तेवढा डाळीवर जमत नाही, हे घराघरातल्या बायांना आमच्याआधी माहीत होतं. बियाण्याचं म्हणशील तर किलोला 5 ते 10 मिली खायचं तेल चोळ, कोरड्या कोठीत ठेव, विषय संपला. चार डबे मांडून काय मिळणार?

आणि ती गोळीची गोष्ट काढलीस म्हणून सांगतो, झोपायच्या खोलीत, राहत्या घरात ती चुकूनही वापरू नको. तिचा वायू माणसालाही सोडत नाही.

---

कीटकवेडी:

अण्णा, तेलाचं आणि डाळीचं शंभर टक्के बरोबर. पण भुंगा सगळ्यांना सारखा लागतो हे नाही पटत. मी कीटकशास्त्रात एमएस्सी केलंय, दोन वर्षं याच भुंग्याची अंडी मोजण्यात गेली, अजून स्वप्नात येतात. गिरणाकाठ दादा, तुमचा प्रयोग चुकला कारण तुम्ही डबा मोजला, दाणा मोजला नाही. जरा लांबण लावते, चहा घेऊन बसा.

आधी भुंग्याचा संसार समजून घ्या. मादी दाण्याच्या सालीवर एकेक अंडं चिकटवते, एक मादी साधारण 80 ते 100. अंडं चार-सहा दिवसांत फुटतं, पण अळी बाहेर हवेत येतच नाही, अंड्याच्या तळातूनच सरळ दाण्यात घुसते. आत खाते, आतच कोष करते, शेवटी साल आतून कुरतडून एक गोल पातळ पापुद्रा ठेवते, आम्ही त्याला खिडकी म्हणतो. तो पापुद्रा ढकलून भुंगा बाहेर पडतो. बाहेर आल्यावर त्याला खायला काही लागत नाही, आठ-दहा दिवस जगतो, जोडी जमवतो, अंडी घालतो, संपला. 30 अंशाच्या आसपास हा फेरा 25 ते 30 दिवसांचा. म्हणजे मार्चात कोठीत गेलेल्या चार भुंग्यांची ऑगस्टपर्यंत चौथी-पाचवी पिढी येते. दोन महिन्यांनी डबा उघडला की पहिल्या पिढीतला सगळा फरक पुढच्या पिढीनं पुसलेला असतो. बारीकसा फरक पाहायचा तर एकच पिढी पाहायची.

तुमचा पाचवा डबा: भुंगे तुम्ही टाकले नव्हते, ते दाण्यातच होते. वरून धड दिसणाऱ्या दाण्यात अळी असते. तुरीला आणि चवळीला तर शेतातच, वाळत आलेल्या शेंगेवर अंडी पडतात. म्हणून तपासणीचं बियाणं आधी चांगलं वाळवून, पिशवीचं तोंड बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घाम सुटतो, दाणे ओले होतात. खोलीच्या तापमानाला आली की मग उघडा आणि सगळे वाण दहा-बारा दिवस एकाच खोलीत पसरून ठेवा, म्हणजे सगळ्यांचा ओलावा सारखा होईल. एक वाण कडक वाळलेला आणि दुसरा दमट असला तर तुम्ही वाण नाही, वाळवण तपासताय.

आता डब्या. अर्धा किलो कशाला, प्रत्येक डबीत मोजून 100 धड दाणे. वजन सोनाराच्या काट्यावर करा, जळगाव जिल्ह्यात सोनाराच्या काट्याची काय कमी! झाकण गच्च नाही, तोंडाला बारीक विणीचं कापड आणि रबर. प्रत्येक वाणाच्या किमान चार डब्या, कारण एका डबीत एक मादी आळशी निघाली तरी निकाल फिरतो. शिवाय एक असा वाण हवाच ज्याला हमखास लागतो, तुमचा काबुली चालेल. त्यातही भुंगा आला नाही तर समजायचं की गडबड भुंग्यात आहे, बाकीच्या वाणांचं कौतुक करायचं नाही.

भुंगे ताजे पाहिजेत, 24 तासांच्या आत बाहेर पडलेले. कोठीतले म्हातारे भुंगे आधीच अर्धी अंडी घालून बसलेले असतात. सोपी युक्ती, किडका हरभरा संध्याकाळी चाळून सगळे भुंगे काढून टाका, सकाळी त्यात जे फिरताना दिसतील ते रातोरात जन्मलेले. त्यातून दोन नर दोन माद्या प्रत्येक डबीत, बरोबर तीन दिवस, मग बाहेर. जास्त भुंगे टाकायचा मोह होतो, टाळा. एकेका दाण्यावर सात-आठ अंडी पडली की आतल्या अळ्या जागेसाठी एकमेकींच्या जिवावर उठतात, मुगाच्या बारीक दाण्यात तर फार, आणि कमी भुंगे निघाले की आपल्याला वाटतं वाण प्रतिकारक आहे.

मोजायचं काय? भुंगे काढल्यावर अंडी मोजा. आठवड्यानं पुन्हा बघा, फुटलेलं अंडं पांढरं आणि अपारदर्शक दिसतं कारण अळी आत जाताना मागे भुसा भरून जाते, न फुटलेलं काचेसारखं राहतं किंवा खपलीसारखं बसतं. मोबाईलचा कॅमेरा जवळ नेला की चक्क दिसतं. मग विसाव्या-बाविसाव्या दिवसापासून रोज एका ठरलेल्या वेळी निघालेले भुंगे मोजून काढून टाकायचे, सलग पाच दिवस एकही निघाला नाही की थांबा. शेवटी दाण्यांचं पुन्हा वजन.

इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवा बरं का. एक, मादीला वाण आवडला नाही म्हणून अंडी कमी. दोन, अंडी भरपूर पडली पण अळी आत मेली. तुमच्या गावरानाच्या खरबरीत सालीवर अंडी कमी पडणं अगदी शक्य आहे, हरभऱ्यात खरखरीत, सुरकुतलेल्या सालीचे प्रकार मादीला कमी आवडतात असं बऱ्याच तपासण्यांत दिसलंय. पण तो वाण एकटाच कोठीत असला, दुसरा पर्यायच नसला, तर ती नाइलाजानं तिथंच घालते. म्हणून बंद डबीतली तपासणी पाहिजे. हौस असेल तर एका मोठ्या थाळ्यात सगळे वाण कडेकडेनं मांडून मध्ये भुंगे सोडा, कोण कुठं जातं ते बघायला मजा येते.

आकडा हवा असेल तर हाऊ नावाच्या शास्त्रज्ञाचं 1971 चं सूत्र वापरतात. निघालेल्या भुंग्यांचा लॉग, भागिले निम्मे भुंगे निघायला लागलेले दिवस, गुणिले 100. दिवस मोजायला सुरुवात अंडी घालायच्या मुदतीच्या मधल्या दिवसापासून. आकडा जितका लहान तितका वाण चिवट. लॉग दहाचा घेतला की नैसर्गिक ते मात्र लिहून ठेवा, दोघांचे आकडे शेजारी ठेवून लोक उगाच भांडतात.

---

पांझराकाठ:

ताईंनी सगळंच सांगितलं, मी फक्त माझे घोळ सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. धुळ्याला आमच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये मुगावर हेच केलं होतं. खोलीत 42-43 अंश, भुंगे दुसऱ्या दिवशी पाय वर करून पडलेले, आणि मी खुशीत की काय वाण सापडला! दुसऱ्या खेपेला डिसेंबरात मांडलं, रात्रीचा गारठा एवढा की महिना झाला, दीड महिना झाला, भुंगा निघेचना. तात्पर्य तापमान. आपल्या खान्देशात या कामाला पावसाळ्याचा शेवट ते ऑक्टोबर, नाहीतर फेब्रुवारी-मार्च बरा. आणि सगळे वाण एकाच दिवशी मांडा, आज दोन पुढच्या महिन्यात दोन असं केलं तर तुलना मेली.

तिसरा घोळ मुंग्या. एका रात्रीत सगळी अंडी आणि भुंगे साफ. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. आणि चौथा घोळ बायकोनं केला, म्हणजे तिच्या मते मीच केला, डब्या स्वयंपाकघरात ठेवल्या होत्या. हा भुंगा उडतो बरं का! उडदाच्या पिंपात गेला आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ दळायला नेलं तर गिरणीवाला म्हणे भाऊ यात उडदापेक्षा भुंगेच जास्त. त्यानंतर कळण्याची भाकर मागायची माझी हिंमत नव्हती.

मनी आजी म्हने, राख नही लावी ते भुंगा लागी जाई. तिचंच ऐकलं असतं तर एवढा कुटाणा झाला नसता.

---

सातपुड्याची लेक:

धडगावकडून. आमच्याकडे अजून मोहटीत बियाणं ठेवतात, चवळी आणि तुरीला राख चोळून, वरून कडुनिंबाचा पाला. माझी आई म्हणते बारीक काळी चवळी टिकते, मोठी पांढरी टिकत नाही. हे तपासायला पाहिजे असं मला पण वाटायचं, आज रीत कळली. ताई एक विचारू का, उडदाला आमच्याकडे भुंगा फार कमी लागतो, मुगाला मात्र ताबडतोब. शेजारी शेजारी ठेवले तरी. उडदाचे सगळेच वाण प्रतिकारक असतात का?

---

कीटकवेडी:

फार छान प्रश्न विचारलास गं. उत्तर आहे, कोणता भुंगा ते बघ. कडधान्यावर आपल्याकडे मुख्य दोन जाती, कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस आणि कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस. लोक दोघांना भुंगाच म्हणतात. उडदात चायनेन्सिसची वाढ नीट होत नाही, अंडी घालते पण अळी आत तगत नाही. मॅक्युलॅटस मात्र उडीदही फस्त करते. मूग दोघांनाही चालतो. म्हणून नुसतं उडदाला लागला नाही एवढ्यावर वाणाला शाबासकी देऊ नकोस, कदाचित तुझ्या घरात एकाच जातीचा भुंगा असेल.

ओळखायचं कसं? चायनेन्सिसच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या असतात, भिंगातून बघितलं की लगेच कळतं. मॅक्युलॅटसच्या मिशा नुसत्या करवतीसारख्या, पण त्याच्या मादीच्या पाठीमागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी काळे डाग आणि मध्ये पांढुरकी रेघ असते, नराचं टोक साधं. नर-मादीच्या जोड्या लावतानाही हेच कामाला येतं.

आणि खरी गंमत मुगाच्या रानटी भावकीत आहे. मादागास्करहून आलेला टीसी 1966 नावाचा एक रानमूग आहे, त्यात या भुंग्याची अळी जवळपास जगतच नाही. 1980 च्या दशकात जपानी संशोधकांनी ते दाखवलं, आणि तो गुण एकाच प्रभावी जीनवर चालतो असं निघालं, म्हणून संकरातून नेहमीच्या मुगात आणणं सोपं. चवळीत नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत टीव्हीयू 2027 हा प्रकार सापडला. हजारो नमुन्यांतून असं एखादं निघतं, म्हणून लगेच हाती लागेल ही अपेक्षा ठेवू नका. राजम्याची गोष्ट तर अजून भारी, मेक्सिकोतल्या रानटी राजम्यात आर्सेलिन नावाचं प्रथिन असतं आणि ते राजम्याच्या भुंग्याला पचत नाही, त्यावरून कोलंबियातल्या संस्थेनं वाण काढले.

पण दुसरी बाजू पण सांगते. किड्याला न पचणारी गोष्ट माणसाच्या पोटात काय करेल हे बघावं लागतं. ऑस्ट्रेलियात राजम्यातलं एक प्रथिन जीन घालून वाटाण्यात आणलं होतं, भुंगा मस्त रोखला गेला, पण 2005 मध्ये उंदरांत ऍलर्जीसारखी प्रतिक्रिया दिसली आणि दहा वर्षांचं काम बासनात. पिढ्यानपिढ्या खाल्लेला तुमचा गावरान हरभरा या बाबतीत बिनघोर.

---

मिलवाले अण्णा:

ताई, मादागास्करचा मूग आमच्या मिलमध्ये आला की कळवा. तोपर्यंत तेल.

चेष्टा सोडा, एक प्रामाणिकपणे विचारतो. मूग, तूर यांची डाळ झाल्यावर भुंगा कमी येतो ते सालीमुळे का आकारामुळे? कारण साल तर आम्ही काढून टाकतो, मग साल वाचवते म्हणता ते कसं?

---

कीटकवेडी:

अण्णा, हा प्रश्न परीक्षेत विचारला तर निम्मी पोरं नापास होतील. डाळीवर मादीला गोल गुळगुळीत अख्खा दाणा मिळत नाही, सपाट फाकेवर ती कमी घालते आणि आत घर करायला जागाही पुरत नाही. म्हणजे आकार. सालीचं वेगळं. त्यासाठी एकाच वाणाचे 100 अख्खे दाणे आणि 100 साल काढलेले पण न फुटलेले दाणे शेजारी मांडायचे. सोललेल्यात भुंगा धडाधड वाढला आणि अख्ख्यात अडकला तर राखण सालीची. दोन्हीकडे अळी मेली तर दाण्याच्या आतच काहीतरी आहे, आणि पैदाशीच्या कामाला तोच माल जास्त मोलाचा.

---

गिरणाकाठचा:

दिवाळी झाली, फराळ संपला, आता निकाल लिहितो. ताईंनी सांगितलं तसंच केलं. श्रीखंडाचे सोळा रिकामे डबे गावभर फिरून जमवले, भाचीच्या लग्नातल्या फेट्याचं कापड तोंडाला बांधलं, वजन पाचोऱ्याला मित्राच्या सराफी दुकानातून करून आणलं, तो म्हणे हरभऱ्याला बावीस कॅरेट लावू का चोवीस. सप्टेंबरच्या शेवटी मांडणी, दोन जोड्या, तीन दिवस. रोज सकाळी सातला मोजणी. शाळेतला पुतण्या अंडी मोजण्यात माझ्यापेक्षा तरबेज निघाला.

विजय आणि दिग्विजयची वही अजून घासतोय, त्यांचं नंतर टाकतो. काबुलीच्या एका डबीत 88 अंडी, 71 भुंगे, निम्मे निघायला 29 दिवस. बाकी तीन डब्या पण साधारण तशाच. आणि आता बसून वाचा: गावरानाच्या तीन डब्यांत 60-65 अंडी प्रत्येकी, भुंगे निघाले 4, 2 आणि 5!!! आई जिंकली. वडिलांना दाखवलं तर म्हणे डब्यात काहीतरी चुकलंय तुझं. चौथ्या डबीत मात्र 58 अंडी आणि 39 भुंगे निघाले, तेवढी एकच डबी गडबडली असावी, ती धरू नये ना?

---

कीटकवेडी:

अभिनंदन करायच्या आधी एक काम करा. ज्या तीन डब्यांत भुंगे कमी निघाले त्यातले दाणे पांढऱ्या कागदावर ओता आणि भोकं बघा. भुंग्याचं भोक गोल, स्वच्छ, कधी कडेला टोपीसारखा पापुद्रा लटकलेला. त्याशिवाय त्याहून बारीक, वेडीवाकडी कड असलेली भोकं दिसतात का? आणि डबीच्या तळाशी, कापडाच्या आतल्या बाजूला, अडीच-तीन मिलिमीटरच्या काळ्या, सडपातळ, लांब पंखांच्या माश्या मेलेल्या आहेत का?

---

गिरणाकाठचा:

ताई तुम्ही जादूटोणा करता का? आहेत. एका डबीत नऊ, दुसरीत चौदा, तिसरीत मोजायचा कंटाळा आला. मी समजलो चिलटं असतील. भोकं पण आहेत, सुईनं टोचल्यासारखी. दहा-बारा न फुटलेले दाणे ब्लेडनं चिरले, एकात भुंग्याची सुकलेली अळी आणि तिला लागून एक काळा चकचकीत कोष. हे काय आहे?

---

कीटकवेडी:

तो तुमचा फुकटचा मित्र आहे. गांधीलमाशीच्या जातकुळीतली परोपजीवी माशी, दाण्याच्या सालीतून सोंड नाही, आपली अंडी घालायची नळी खुपसते आणि आतल्या भुंग्याच्या अळीवर अंडं ठेवते. तिचं पिल्लू अळीला खाऊन टाकतं. डिनार्मस नावाची एक फार कॉमन आहे, तीच असेल असं फोटोशिवाय छातीठोक नाही सांगत. कोठीत हवीच, तपासणीच्या डबीत शत्रू. माझ्या थीसिसची पहिली अख्खी बॅच तिनं खाल्ली होती, गाइडपुढे मी पण अशीच नाचत गेले होते की वाण सापडला म्हणून.

म्हणजे तुमच्या त्या तीन डब्या बाद, आणि जी चौथी तुम्ही फेकायला निघालात तीच खरी. 58 अंड्यांतून 39 भुंगे, म्हणजे शंभरी 67. काबुलीत 88 मधून 71, शंभरी 81. चौथ्या डबीत निम्मे भुंगे कितव्या दिवशी निघाले ते सांगा, वहीत असेलच.

---

गिरणाकाठचा:

33 वा दिवस. आता मी लॉग काढून बघितला, मोबाईलमध्ये दहाचा. काबुली 6.4, गावरान 4.8. बरोबर आहे का?

आणि वडील मागे उभं राहून वाचत होते, म्हणे मी काय म्हणलो होतो, लागतो, फक्त उशिरा लागतो. आई म्हणे चार दिवस उशीर म्हणजे काय कमी आहे का. सध्या घरात दोन पक्ष पडलेत.

---

कीटकवेडी:

हिशेब बरोबर. एका डबीवर निकाल देऊ नका, पण दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. एका फेऱ्यात चार दिवस उशीर आणि दर शंभर अंड्यांमागे चौदा भुंगे कमी हे लहान वाटतं, पण पाच महिन्यांत भुंग्याच्या चार-पाच पिढ्या धरल्या तर व्याजावर व्याज चढतं तसा फरक चढत जातो. शिवाय गावरानावर अंडीही कमी पडलीत, म्हणजे ती खरबरीत साल काहीतरी करतेय. मात्र एक पाहा, काबुलीचा दाणा मोठा, 100 दाणे म्हणजे पृष्ठभाग जास्त, मादीला जागाही जास्त. म्हणून अंडी दर दाण्याला आणि दर ग्रॅमला अशी दोन्ही लिहा, मग कळेल साल नावडली का दाणाच छोटा म्हणून कमी पडली.

पुढच्या खेपेला फेट्याचं कापड नको, त्याची वीण विरळ असते, माशी आरामात आत जाते. दुहेरी मलमल घ्या. डब्या कोठीच्या खोलीत ठेवू नका. आणि डब्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, तुमच्या गावरानाच्या तीन डब्या एकाच कोपऱ्यात होत्या ना?

---

गिरणाकाठचा:

कोठीला लागूनच होत्या. चौथी डबी जागा उरली नाही म्हणून खिडकीत ठेवली होती.

---

पांझराकाठ:

म्हणजे निकाल खिडकीनं दिला भो.

फेब्रुवारीत मांडणार असाल तर मी पण धुळ्याहून त्याच आठवड्यात मांडतो, तुमचा गावरान मूठभर पाठवा, मी माझा मूग पाठवतो. भुंगा मात्र ज्यानं त्यानं आपापल्या घरचा वापरायचा, सगळीकडचा भुंगा सारख्याच ताकदीचा नसतो असं वाचलंय.

---

कीटकवेडी:

बरोबर वाचलंय. तो चवळीचा टीव्हीयू 2027 मी सांगितला ना, त्यावरच प्रयोगशाळेत पिढ्यामागून पिढ्या वाढवलेले भुंगे हळूहळू त्याला सरावले. दोन ठिकाणी मांडताय ते फारच चांगलं.

---

सातपुड्याची लेक:

मी पण. काळी आणि पांढरी चवळी, चार-चार डब्या. श्रीखंडाचे डबे आमच्याकडे मिळायचे नाहीत, दाढीच्या साबणाच्या डब्या चालतील का ताई?

---

कीटकवेडी:

चालतील, फक्त उन्हात ठेवून वास पूर्ण घालव. वासानं मादी अंडी घालायला कुरकुर करते.

---

मिलवाले अण्णा:

एवढं सगळं वाचून झालं, आता माझ्याकडूनही काहीतरी लावा. भुंगे कमी पडले तर सांगा, गोदामाच्या झाडलोटीतून बरणीभर देतो, एक पैसा नको.

---

कीटकवेडी:

अण्णा झाडलोटीतले नकोत हो, त्यात तीन-चार जातींचे किडे, म्हातारे-तरणे सगळे मिसळलेले. 24 तासांच्या आतले, एकाच जातीचे, नर-मादी ओळखून दिलेले पाहिजेत.

---

मिलवाले अण्णा:

म्हणजे वय, जात बघून जोड्या लावायच्या. पत्रिका पण जुळवून आणू का?